अजून सहा महिने

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, थोडी काटछाट केली आहे.)



संयोजकांनी फोन केला तेव्हा ‘काहीतरी प्रेरणादायी बोल’ असं सांगितलं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे तसं काही नाही. मी आयुष्यभर नोकरी केली आणि शनिवार-रविवारी बेस गिटार शिकवतो. तर म्हणाले, मग त्यावरच बोल, पण वीस मिनिटांच्या वर नको, चहा गार होतो. तेव्हा बेस गिटारवर बोलतो. त्यातही एकाच प्रश्नावर, जो माझ्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या महिन्यात विचारतो: सर, मी स्टेजवर कधी वाजवू?

बेस गिटार तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे आणि बहुतेकांनी कधीच ऐकलेली नाही. ऑर्केस्ट्रात गायक पुढे असतो, त्याच्या बाजूला गिटारवाला केस उडवत असतो, आणि मागे ड्रमच्या शेजारी एक माणूस बस चुकल्यासारखा चेहरा करून उभा असतो. तो बेसवाला. चार जाड तारा, लांब मान, आणि आवाज इतका खाली की कानापेक्षा पोटात जास्त कळतो. सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम एक्केचाळीस वेळा कंप पावते. तो वाजवतोय तोवर कोणाचं लक्ष जात नाही. थांबला की मात्र गाणं एकदम पातळ होतं, आमटीत पाणी जास्त पडावं तसं.

हे वाद्य तसं नवीन आहे. आधी माणसाच्या उंचीचा मोठा डबल बेस असायचा, त्याच्या मानेवर पडदे नसतात, सूर अंदाजानं आणि कानानं शोधावा लागतो. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी पडदे असलेली, गळ्यात अडकवता येणारी विजेची बेस बाजारात आणली. तिचं नावच ‘प्रिसिजन बेस’. पडद्यामागे बोट ठेवलं की सूर नेमका लागणार, म्हणून ते नाव. म्हणजे शिकणाऱ्याची एक मोठी अडचण दूर करूनच हे वाद्य जन्माला आलं. व्हायोलिनवर एक सरळ सूर काढायला महिने जातात. बेसवर तो पहिल्या दिवशी निघतो. निघाल्यावर तो वेळेवर निघतोय का, हा खरा प्रश्न, आणि त्याला पुढचं सगळं आयुष्य लागतं.

तर, कधी?

पुस्तकात याचं उत्तर नाही. जगात लोकांनी काय केलं ते थोडं सांगतो.

बीटल्स सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचा पहिला कायमचा बेसवाला पॉल मॅकार्टनी नव्हता, स्टुअर्ट सटक्लिफ होता. तो चित्रकार. लिव्हरपूलच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याचं चित्र ६५ पौंडांना विकलं गेलं, आणि जॉन लेननच्या आग्रहावरून त्या पैशांतून त्यानं हॉफनर कंपनीची बेस घेतली. हे जानेवारी १९६० मधलं. मे महिन्यात तो स्कॉटलंडच्या दौऱ्यावर स्टेजवर होता. चार महिने! ऑगस्टमध्ये सगळे हॅम्बुर्गला गेले आणि तिथल्या क्लबांत रात्री-रात्री कित्येक तास वाजवू लागले. बोटांवरची चूक लोकांना दिसू नये म्हणून तो प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवायचा, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी की खोटी यावर वाद आहेत. पुढे तो चित्रकलेकडे परत गेला आणि १९६२च्या एप्रिलमध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी वारला. त्याच्या जागी मॅकार्टनी आला. पण मॅकार्टनी स्टेजवर नवा नव्हता. १९५७ पासून गिटार घेऊन तो लोकांसमोर उभा राहत होता, त्याला फक्त वाद्य बदलायचं होतं. हा फरक लक्षात ठेवा. ‘अमुक माणूस एका महिन्यात वाजवू लागला’ असं कोणी सांगितलं, तर आधी त्याच्या मागे काय होतं ते विचारायचं.

न्यूयॉर्कची टीना वेमाउथ. टॉकिंग हेड्स नावाच्या बँडला बेसवाला मिळेना, म्हणून ड्रमवाल्या मित्रानं तिला आग्रह केला आणि ती शिकू लागली. जून १९७५ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा तिला बेस हातात घेऊन वर्षही झालेलं नव्हतं. लंडनचा पॉल सिमोनन हाही चित्रं काढणारा. त्यानं सूर सापडावेत म्हणून बेसच्या मानेवर सुरांची अक्षरंच रंगवून ठेवली होती, आणि जुलै १९७६ मध्ये द क्लॅशबरोबर तो पहिल्यांदा स्टेजवर गेला. पुढे दोघांचंही बेसवादन लोकांनी मोठं मानलं.

या गोष्टी सांगितल्या की विद्यार्थी खूश होतात. मग मी सिड व्हिशस सांगतो. हा फेब्रुवारी १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्समध्ये आला तो दिसण्यावर आणि वागण्यावर. बेस त्याला जवळजवळ येतच नव्हती. जानेवारी १९७८ मध्ये तो बँड फुटला. मधलं जवळजवळ वर्ष तो स्टेजवर होता आणि तरी बेस शिकला नाही. त्यांच्या रेकॉर्डवरची बहुतेक बेस गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सनं वाजवलेली आहे. म्हणून ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ हे वाक्य मला पूर्ण पटत नाही. विहिरीत पडून बुडालेलेही असतात. आपल्याकडे मूल विहिरीत टाकायचे ते पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. बेसवाल्याचा तो डबा कोणता, ते पुढे सांगतो.

आता कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्य मंडळी, त्यांचं काय. आपल्याकडे गुरू वर्षानुवर्षं शिष्याला मैफल करू देत नाही. बरोबर आहे. पण तो शिष्य त्या काळात असतो कुठे? गुरूच्या मागे, तानपुरा घेऊन. मैफल करत नाही, पण मैफलीत असतो. तीन-तीन तास षड्ज-पंचम धरून ठेवतो, गुरूनं मान वळवली की एक सूर लावतो. लोक समोर बसले आहेत, दिवे आहेत, ध्वनिक्षेपक आहे. सगळं त्याच्या अंगवळणी पडत असतं. मला विचाराल तर बेस गिटार ही तानपुऱ्याच्या जवळची आहे. त्याहून जवळची म्हणजे टाळ. भजनात नवीन माणूस आला तर ‘किती महिने रियाज झालाय’ असं कोणी विचारत नाही, हातात टाळ देतात. शेजारच्याकडे बघत तो वाजवायला लागतो. चुकला तर चाळीस टाळांत एक टाळ चुकतो.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो. पाचवीत, जून महिन्यात, दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही प्रार्थनेच्या वेळी आमच्यापैकी दोघांना बोलावून टाळ दिले होते. एकानं घेतले. दुसऱ्यानं ‘सर, मला अजून येत नाही’ असं म्हणून हात मागे घेतला. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं ‘बरं’ म्हणालात. तो दुसरा मी.

ज्यानं टाळ घेतले तो इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही, तो आधीच माझ्याकडे रोखून बघतोय. त्याचं पुढे काय झालं तुम्हाला माहीतच आहे. टाळ, मग ढोलकी, मग ड्रम, आणि कॉलेज संपता संपता गावातला स्वतःचा वाद्यवृंद. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, लग्नं. मी नोकरीला पुण्यात गेलो आणि १९९१च्या जानेवारीत कॅम्पातल्या एका दुकानातून जुनी बेस गिटार घेतली. अठ्ठावीसशे रुपये. माझा तेव्हाचा पगार किती होता ते सांगितलं तर आजही आमच्या घरात भांडण होईल.

त्याच वर्षी गणपतीच्या आधी हा पुण्याला आला. म्हणाला, माझ्याकडे बेसवाला नाही, कीबोर्डवाला डाव्या हातानं काम भागवतो आणि उजव्या हाताचं गाणं बिघडवतो. तू ये. ‘ठेका मी धरतो, तू नुसता षड्ज धर.’ मी म्हटलं, अजून सहा महिने दे. पुढच्या वर्षी परत आला. तेव्हा माझ्या पाटी-पेन्सिलीच्या वहीत आर. डी. बर्मन यांच्या बारा गाण्यांच्या बेसच्या ओळी उतरवलेल्या होत्या, कॅसेट मागे-पुढे करून, नोटेशनसकट. मी म्हटलं, आता जवळजवळ झालंच आहे, सहा महिने. तिसऱ्या वर्षी तो आला नाही.

त्या वर्षी मी सुट्टी काढून गणपतीला गावी आलो. मांडवात त्याच्याबरोबर बेसवर एक पोरगा होता, विजेच्या सामानाच्या दुकानात काम करणारा. आषाढात त्यानं गिटार हातात घेतली होती आणि भाद्रपदात तो उभा होता. पहिल्या रात्री त्यानं सहा गाणी वाजवली, बाकीच्या गाण्यांना बेस बंद करून नुसता मान हलवत होता. जी वाजवली त्यात दोनदा कॉर्ड बदलली तरी हा आधीच्याच सुरावर. त्याच्या सगळ्या चुका मला कळल्या. मांडवात त्या कळणारा मी एकटाच असेन, कारण मला सगळं येत होतं.

विसर्जनाच्या आदल्या रात्री मी परत ऐकलं. तो पोरगा आता याच्या पायाकडे बघत नव्हता. ड्रमचा जो मोठा ढोल पायानं वाजतो, त्याच्या ठोक्यावर बेसचा सूर बरोबर बसत होता. दोन वाद्यं ऐकूच येत नव्हती, एकच काहीतरी धडधडत होतं. नऊ रात्री. मला अडीच वर्षांत जे मिळालं नव्हतं ते त्याला नऊ रात्रींत मिळालं होतं, आणि ते माझ्या खोलीत मिळणारच नव्हतं, कारण माझ्या खोलीत ड्रम नव्हता. मी कॅसेटबरोबर वाजवत होतो. कॅसेटला तुम्ही चुकलात तरी काही वाटत नाही, ती थांबत नाही, सावरून घेत नाही, हसतही नाही.

हे तेव्हा कळलं आणि तरीही मी स्टेजवर गेलो नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपल्याला कळलं म्हणून आपण सुधारतो असं काही नसतं. मी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं ते २००९ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. म्हणजे अठरा वर्षांनी.

कार्यक्रम होता आमच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनाचा, पाच गाण्यांचा. आणि अठरा वर्षांच्या तयारीचं काय झालं? मी सगळी वर्षं पलंगावर बसून वाजवलेलं. उभं राहून पट्टा गळ्यात घातल्यावर बेस पोटाच्या खाली गेली, मनगट वाकडं झालं, मान कुठे आहे ते हाताला सापडेना. घरी चार भिंतींत घुमणारा आवाज उघड्या मैदानात गेला की गेलाच. मला माझाच सूर ऐकू येईना, म्हणून मी जोरात तार ओढू लागलो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत बोटाला फोड आला. लय वाढत गेली, कारण घाबरलेला माणूस घाईत वाजवतो. आणि चौथ्या गाण्यात माझाच पाय माझ्या वायरवर पडून ती गिटारमधून निघाली. फट्ट असा आवाज झाला, समोरची लहान मुलं दचकली. वायर आधी पट्ट्यातून ओवून मग गिटारला लावायची असते, म्हणजे पाय पडला तरी निघत नाही. हे तो दुकानातला पोरगा पहिल्या आठवड्यातच शिकला असणार.

आपला मित्र एसटीनं आला होता ऐकायला. तोपर्यंत त्याचा वाद्यवृंद बंद झाला होता. लोक तयार ट्रॅकवर गाऊ लागले, सहा माणसांचा खर्च कोण करणार? ड्रमसेट त्यानं विकला होता. कार्यक्रमानंतर आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. तो म्हणाला, ‘बरं वाजवलंस. गणपतीत हवा होतास.’ एवढंच. मग आम्ही दुसरं काहीतरी बोललो. आता त्याचा खांदा वर जात नाही, ड्रम वाजवणं शक्य नाही. आम्ही दोघांनी एकत्र कधीही वाजवलेलं नाही.

म्हणून माझ्याकडे कोणी शिकायला आलं की मी तारीख आधी ठरवतो. साधारण तीन ते चार महिन्यांनंतरची. आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा-पाऊण तास हात चालवणारा माणूस असेल तर तेवढे पुरतात. शिकणारा लहान असेल, बोटं पोचत नसतील, तर जास्त लागतात, घाई नको. तोवर जे यायला हवं ते अगदी थोडं आहे. गिटार स्वतःची स्वतः सुरात लावता आली पाहिजे. पाच-सहा गाण्यांत प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर, म्हणजे आपल्या भाषेत त्या कॉर्डचा षड्ज, वेळेवर पडला पाहिजे. जी तार वाजवायची नाही ती गप्प ठेवता आली पाहिजे. याकडे कोणी लक्ष देत नाही, पण मोठ्या स्पीकरवर मोकळी सुटलेली जाड तार सगळं गाणं गढूळ करते. शेवटचे पंधरा दिवस उभं राहून वाजवायचं. आणि किमान चार वेळा खऱ्या ड्रमवाल्याबरोबर. हा तो पत्र्याचा डबा. तो न बांधता मी कोणाला ढकलत नाही, कारण समोर बसलेल्या लोकांनीही आपली संध्याकाळ दिलेली असते.

आणि एक. चुकल्यावर थांबायचं नाही. घरी सराव करताना माणूस चुकला की थांबतो, मागे जातो, दुरुस्त करतो. चांगली सवय आहे. पण फक्त तेवढीच सवय असली तर स्टेजवर घात होतो. बेसवाला मागे गेला की त्याच्याबरोबर सगळा बँड खड्ड्यात. एखादा सूर चुकला तर सोडून द्यायचा, पुढच्या समेवर हजर व्हायचं. हे थांबण्याचं वळण जितकी वर्षं मुरेल तितकं सुटायला जड जातं. माझं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

काही पालक ग्रेड परीक्षांबद्दल विचारतात. द्या, वाईट काही नाही, शिस्त लागते. पण ‘पाचवी ग्रेड झाली की मग स्टेज’ असं कोणी म्हणालं की मला माझी पाटी-पेन्सिलीची वही आठवते. आणि ज्या वार्षिक कार्यक्रमांत मुलांच्या हातात गिटार असते, मागून ट्रॅक वाजतो आणि मुलांचा आवाज बंदच ठेवलेला असतो, ते मला अजिबात आवडत नाहीत. मुलाला ते कळतं. आजी-आजोबांना कळत नसेल, त्याला कळतं.

चहाची भांडी वाजायला लागली, आवरतो. आज संध्याकाळी कार्यक्रमात अकरा गाणी आहेत. त्यातल्या पाच गाण्यांना बेसवर आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीची मुलगी आहे. नोकरी करते, नारळी पौर्णिमेला पहिल्यांदा माझ्याकडे आली, आणि आज डिसेंबर आहे. गेल्या रविवारी तिनं मला विचारलं, ‘काका, पुढच्या वर्षी वाजवू का? अजून सहा महिने द्या.’ मी काय उत्तर दिलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. तिच्या आईनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात ती अडखळते. तिथे पहिल्या दोन रांगांनी एकदम माना वळवून बघू नये, एवढी विनंती.

बाकीच्या सहा गाण्यांना मी आहे. आणि सुरुवातीला शाळेची प्रार्थना आहे. सरांनी सकाळीच शाळेच्या कपाटातून टाळ काढून ठेवलेत. मी म्हटलं, सर, त्याचा खांदा दुखतो. सर म्हणाले, टाळ वाजवायला खांदा कशाला लागतो? तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी साडेसहाला मागच्या बाजूला यावं. मी षड्ज धरतो.

आता उठतो, तिच्या गिटारची वायर पट्ट्यातून ओवलीय का ते बघायचं राहिलंय.